मापाची पायली पोरांच्या हाती द्या
(पोखर्णी, जि. परभणी येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, ज्वारीच्या खरेदीवर झाले, विम्यावर तर भांडणच झाले. आता माझ्याकडे विषय आला आहे तो शाळेतल्या संगणकाचा. जेवणाच्या पंगतीतच एकाने विचारले, "साहेब, हा विषय मास्तरांच्या मेळाव्यातला. शेतकऱ्यांच्या बैठकीत संगणक कशाला?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. तुमच्या मालाचे, नुकसानीचे आणि कर्जाचे माप आता संगणकात होते. ते माप कसे होते हे तुमच्या घरात कुणालातरी कळले पाहिजे. ते पोरांना शाळेत शिकवता येते, आणि त्याला महागडी यंत्रे लागतातच असे नाही. एवढेच मला सांगायचे आहे. बाकीचे भाषण म्हणजे त्याचा पुरावा.

माप कुठे गेले?

पूर्वी माप डोळ्यांसमोर व्हायचे. अडत्याने काटा मारला तर दिसायचा. ग्रेडरने कापसाची प्रत पाडली तर त्याच्याशी हुज्जत घालता यायची. तलाठ्याने पेरा चुकीचा लिहिला तर चावडीवर जाऊन विचारता यायचे. न्याय मिळायचाच असे नाही, पण निदान कुणाला विचारायचे ते माहीत होते.

आता बघा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. पेरा तुम्ही मोबाईलवर नोंदवायचा, शेतात उभे राहून फोटो काढायचा. २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्याच वर्षीच्या कापूस हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करावी लागली. प्रत्येक ठिकाणी आत कुठेतरी नियम लिहिलेला आहे : अमुक असेल तर हो, नसेल तर नाही. तो नियम ज्याने लिहिला तो आपल्याला दिसत नाही. केंद्रावरच्या पोराला विचारले तर तो म्हणतो, "सिस्टीम घेत नाही." सिस्टीम म्हणजे कोण, हे त्यालाही सांगता येत नाही.

२०१७ ची कर्जमाफी आठवा. अर्ज ऑनलाईन भरून घेतले. ऐन दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली. नंतर याद्यांत चुका निघाल्या, आधार क्रमांक जुळेनात, आणि पैसे खात्यात पडणे लांबले. आपण मोर्चे काढले आणि ते काढायलाच हवे होते. पण यादी कोणत्या नियमाने लावली, कोणता रकाना कोणत्या रकान्याशी ताडून पाहिला, हा प्रश्न नेमका विचारू शकेल असा माणूस गावात नव्हता. आपण ओरडलो "पैसे कुठे आहेत?" "नियम दाखवा" असे म्हणायला नियम वाचता यावा लागतो.

संगणकशास्त्र आपल्या ओट्यावरच आहे

आता पोरांना काय शिकवायचे ते बघू. बहुतेक शाळांत संगणकाचा तास म्हणजे काय? हा मॉनिटर, हा कीबोर्ड, हा माऊस. संगणकाचे जनक चार्ल्स बॅबेज. पेंटमध्ये घराचे चित्र काढा, बाजूला नारळाचे झाड काढा. हे म्हणजे पोराला शेती शिकवतो म्हणायचे आणि ट्रॅक्टरच्या भागांची नावे पाठ करून घ्यायची. वाफसा कधी येतो, पेरा किती खोल करायचा, हे राहूनच जाते.

संगणकशास्त्र म्हणजे काम कसे करायचे त्याची अशी पायरीवार रीत लिहिणे, की जो कुणी ती वाचेल त्याला तेच उत्तर मिळेल. मी कृषी पदवीधर, म्हणून कपाशीचेच उदाहरण देतो. बोंडे धरली की गुलाबी बोंडअळीसाठी काय करायला सांगतो? शेतात आडवेतिडवे फिरून वीस हिरवी बोंडे तोडा. फोडून बघा. दोन किंवा जास्त बोंडांत अळी सापडली तर फवारणी करा. नाहीतर पंप खाली ठेवा आणि आठवड्याने पुन्हा वीस बोंडे तोडा. यात एक मोजणी आहे, एक 'जर-तर' आहे आणि एक 'पुन्हा करा' आहे. जगातला कोणताही प्रोग्रॅम उघडून बघा, तो याच सामानाने बांधलेला असतो. २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप नावाने कीड-रोग सर्वेक्षण चालते. त्यात गावोगावची निरीक्षणे संगणकात जातात आणि कुठे कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर गेली ते पाहून सल्ला निघतो. तिथे यंत्र तेच करते जे तुम्ही बांधावर करता. फरक इतकाच की ते हजारो शेतांसाठी एकदम करते.

दुसरे उदाहरण मायबहिणींना जास्त ठाऊक आहे. घरात ज्वारी मोजायची जुनी मापे आठवा. कोळवे. दोन कोळव्यांचे चिपटे. दोन चिपट्यांचे मापटे. दोन मापट्यांचा शेर. दोन शेरांची अधोली, कुणी तिला अडशिरी म्हणते. दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. आता कोळवे एक धरले तर चिपटे दोन, मापटे चार, शेर आठ, अधोली सोळा, पायली बत्तीस. ही सहा मापे, प्रत्येक फार तर एकदाच वापरायचे, तरी एकापासून त्रेसष्ट कोळव्यांपर्यंत कोणतेही माप भरता येते. पंचेचाळीस कोळवी ज्वारी हवी? एक पायली, अधोली नको, एक शेर, एक मापटे, चिपटे नको, एक कोळवे. बत्तीस, आठ, चार, एक : झाले पंचेचाळीस. आता 'घेतले' त्याला एक लिहा, 'नको' त्याला शून्य लिहा. १०११०१. संगणकाच्या पोटात पंचेचाळीस हा आकडा असाच लिहिलेला असतो. त्याला द्विमान पद्धत म्हणतात. आपल्या आज्या हे ओट्यावर बसून करत होत्या.

हे मी विनोद म्हणून सांगत नाही. न्यूझीलंड हा मेंढ्यांचा आणि दुधाचा देश. तिथले टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवायचे पाठ तयार केले. त्यातला गाजलेला पाठ पत्त्यांचा आहे. एका पत्त्यावर एक ठिपका, पुढच्यावर दोन, मग चार, आठ, सोळा. मुलांनी पत्ते उलटेसुलटे करून आकडे तयार करायचे. जगभरच्या शाळांत तो खेळ गेला. त्यांनी ठिपक्यांचे पत्ते छापले. आपल्याकडे पायली आणि चिपटे अजून कुणाच्या ना कुणाच्या माळवदावर पडलेले आहे.

विमा आठवीच्या फळ्यावर

आता कामाचे बोलू. आधी सोपा हिशोब, कापसाच्या ओलाव्याचा. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव. त्यावर प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात. १२ टक्क्यांच्या वर गेला तर खरेदीच नाही. पोराला सांगा, याचे जर-तर लिही आणि तक्ता कर. ९ टक्क्यांना ८,०२८ रुपये ९० पैसे, १० टक्क्यांना ७,९४७ रुपये ८० पैसे, १२ टक्क्यांना ७,७८५ रुपये ६० पैसे. सहावीतल्या पोराला हे जमते. तक्ता झाला की ते पोरगे आपोआप पुढचा प्रश्न विचारेल : ओलावा मोजला कुणी? मीटर बरोबर आहे का? बोंदरीच्या वरचा कापूस घेतला की तळाचा? नियम बरोबर आणि आत घातलेला आकडा चुकीचा, तर उत्तर चुकीचेच येणार. संगणकशास्त्राचा हा दुसरा धडा.

आता सकाळी ज्यावर भांडण झाले तो विमा घेऊ. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला. २०२५ च्या खरिपापासून तो गेला, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघालेल्या उत्पादनावर ठरू लागली. नियम असा : मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घ्यायची, त्यांची सरासरी काढायची, तिला ७० टक्के जोखीमस्तराने गुणायचे. जे येईल ते उंबरठा उत्पादन. यंदाचे उत्पादन त्याच्या खाली गेले तर जितकी तूट, त्या प्रमाणात भरपाई.

फळ्यावर मांडू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, कुठल्या मंडळाचे नाहीत. सात वर्षांचे हेक्टरी उत्पादन क्विंटलमध्ये असे : ९, ४, १०, ८, ३, ११, ७. पहिली पायरी, उतरत्या क्रमाने लावा : ११, १०, ९, ८, ७, ४, ३. दुसरी, शेवटचे दोन काढून टाका. तिसरी, उरलेल्या पाचांची बेरीज ४५, सरासरी ९. चौथी, ९ चे ७० टक्के, म्हणजे ६.३. यंदा मंडळाचे उत्पादन आले ४.२. तूट २.१. ही उंबरठ्याच्या एक तृतीयांश झाली. विमा संरक्षित रक्कम ६०,००० धरली तर भरपाई २०,०००.

आता पोरांना म्हणा, नियमात एकेक गोष्ट बदलून बघा. चांगली पाच वर्षे न घेता सातही वर्षांची सरासरी घेतली तर? उंबरठा ५.२ वर येतो आणि भरपाई साडेअकरा हजारांच्या आसपास. म्हणजे वाईट दोन वर्षे वगळण्याची अट आपल्या फायद्याची आहे, तिला हात लागू द्यायचा नाही. जोखीमस्तर ७० ऐवजी ८० केला तर? उंबरठा ७.२, तूट ३, भरपाई २५,०००. एका आकड्याने हेक्टरी ५,००० रुपयांचा फरक. आणि मंडळाचे उत्पादन ६.५ आले, पण तुमच्या शेतात एकच क्विंटल निघाला तर? शून्य. कारण नियम तुमचे शेत बघतच नाही, मंडळ बघतो.

आता सांगा, लढायचे कुठे? आपण विमा कंपनीच्या कचेरीपुढे बसतो आणि आतला कारकून सांगतो, "वरून आले तसे दिले." तो खोटे बोलत नाही. भांडण त्या सत्तरच्या आकड्याशी आहे, मंडळ या घटकाशी आहे, आणि कापणी प्रयोग कुठल्या शेतात कसा झाला याच्याशी आहे. हे तीन मुद्दे आठवीतली पोरगी फळ्यावर दाखवू शकते. निवेदनात असे मुद्दे आले की "तुम्हाला समजणार नाही" म्हणायची सोय साहेबाला राहत नाही.

आपली चळवळ सुरूच मुळी हिशोबाने झाली. शरद जोशींनी शेतकऱ्याला उत्पादन खर्च मांडायला लावला. बियाणे, खत, बैलांचे दिवस, घरच्या बाईचे कष्ट, सगळे कागदावर आणले. १९८४ साली परभणीला शेतकरी संघटनेचे अधिवेशन झाले तेव्हा हजारो माणसांना तो हिशोब तोंडपाठ होता. तेव्हा हिशोब कागदावर होता म्हणून आपण कागद शिकलो. आता तो संगणकात आहे.

शाळांत आजवर काय झाले

सरकारने काहीच केले नाही असे नाही. १९८४-८५ मध्ये केंद्राने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला. देशातल्या सुमारे अडीचशे शाळांपासून सुरुवात झाली, इंग्लंडहून बीबीसी मायक्रो जातीचे संगणक आणले. २००४ पासून शाळांसाठी आयसीटीची केंद्रीय योजना आली. आपल्या राज्यात तिचे काम ठेक्याने झाले. कंपनीने खोली सजवायची, पाच वर्षे चालवायची, मग शाळेच्या हवाली करायची. करार संपला की शिकवणाराही गेला. पुढे बॅटऱ्या बसल्या, वीजबिल थकले, खोलीला कुलूप लागले. यंत्राचा पैसा मंजूर होतो, कारण त्याची निविदा निघते. शिकवणाऱ्याच्या पगाराची निविदा निघत नाही.

२००१ पासून एमएस-सीआयटी आली. गावोगावच्या पोरांनी ती केली, कारण सरकारी नोकरीला प्रमाणपत्र लागते. त्यातून संगणक वापरायला शिकलेली पिढी तयार झाली. वाईट झाले नाही. पण वापरणे निराळे आणि आतला नियम समजणे निराळे. ज्या इंग्लंडहून आपण पहिले संगणक आणले, तिथेही शाळा बरीच वर्षे टायपिंग आणि तक्तेच शिकवत होत्या. २०१२ मध्ये तिथल्या रॉयल सोसायटीने अहवाल देऊन हे चालणार नाही असे सांगितले, आणि २०१४ पासून तिथे पाच वर्षांच्या पोरापासून संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम लागू झाला.

आपल्याकडेही जाणत्यांनी हे ओळखले आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी शाळांसाठी 'कॉम्प्युटर मस्ती' ही पुस्तके केली. २०१६ मध्ये एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेने सीएसपाठशाला हा उपक्रम सुरू केला. त्यात कागद, खेळ आणि कोडी यांतून शिकवायचे पाठ आहेत, यंत्र नसले तरी चालणारे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आले. २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केले की २०२६-२७ पासून तिसरीच्या वर्गापासून कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार शिकवायचे. कागदावर सगळे आहे. पुण्याच्या पोराला ते मिळेलच, शाळेत नाही तर शिकवणीत. प्रश्न जिल्हा परिषदेच्या शाळेचा आहे. धरणातून पाणी सोडल्याची बातमी पेपरात येते आणि शेवटच्या चारीला चिखलही होत नाही, तसे याचे होऊ द्यायचे नसेल तर आपल्याला बारीला बसावे लागेल.

शंका दोन

पहिली शंका : पोरगे संगणक शिकले की शहरात पळेल. पळेल तर पळू द्या. शेतीत भाव नाही म्हणून पोरे जातात, संगणकामुळे जात नाहीत. अडाणी ठेवून पोर बांधाला बांधता येत नाही, आणि बांधून ठेवण्याचा आपल्याला अधिकारही नाही. उलट, जे राहील ते निदान आंधळे राहणार नाही. पोरींच्या बाबतीत तर हे जास्त लागू आहे. मोबाईल घरात एकच असतो आणि तो पोराच्या हातात असतो. शाळेत शिकवले तरच पोरीला मिळेल.

दुसरी शंका : आता तर यंत्रच प्रोग्रॅम लिहिते, मग शिकायचे कशाला? यंत्र लिहिते हे खरे. पण विम्याचा स्तर सत्तर ठेवायचा की ऐंशी, शेत बघायचे की मंडळ, हे यंत्र ठरवत नाही. ते माणूस ठरवतो आणि यंत्राला सांगतो. सांगणारा कोण असावा, आणि त्याने काय सांगितले हे तपासणारा कोण असावा, एवढाच प्रश्न आहे. ट्रॅक्टर आला म्हणून शेताची हद्द ओळखण्याची गरज संपली नाही.

करायचे काय

भाषण ऐकून घरी जायचे असे नको. पाच कामे सांगतो.

एक. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. म्हणजे समिती तुमचीच आहे. पुढच्या बैठकीत संगणक खोलीचा विषय घ्या. खोली उघडून बघा. किती यंत्रे चालू, किती बंद, वीज आहे का, शिकवतो कोण, हे इतिवृत्तात लिहून घ्या.

दोन. यंत्रे बंद असली तरी थांबू नका. पाचवीपासून आठवड्याला एक तास कागदावरच्या संगणकशास्त्राचा मागा. खडू, फळा, पत्ते, कवड्या आणि पायली-चिपटे एवढे सामान पुरते.

तीन. गुरुजींवर हे ओझे म्हणून टाकू नका. त्यांच्या डोक्यावर अगोदरच माहिती भरायची दहा ॲप आहेत. केंद्रप्रमुखांकडे आणि जिल्हा परिषदेकडे मागणी करा की या विषयाचे प्रशिक्षण मराठीत द्या आणि शिकवणाऱ्याचे पद कायम ठेवा. यंत्रांची मागणी त्यानंतर.

चार. गावातल्या आठवी-नववीच्या मुलामुलींना आपल्या मंडळाचे आकडे द्या. मागच्या सात वर्षांचे उत्पादन तालुका कृषी अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात मागा, आणि यंदाचा विमा त्यांच्याकडून फळ्यावर मांडून घ्या. सभा गावच्या पारावर घ्या. सगळ्या गावाला कळू द्या.

पाच. ही मागणी पोरांची नाही, आपली आहे. शेतकऱ्यासाठी जी जी योजना संगणकावर चालते, तिचा पात्रतेचा नियम पायरीवार, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. अर्ज नाकारला तर कोणत्या पायरीवर नाकारला ते लेखी मिळाले पाहिजे. "सिस्टीम घेत नाही" हे उत्तर आपण यापुढे घेणार नाही.

या पाचव्या मुद्द्याचा ठराव आज इथे मांडतो आहे. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावेत. आणि पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन कागद बरोबर आणावेत : एक शाळेच्या संगणक खोलीचा, आणि दुसरा पोरांनी मांडलेल्या विम्याच्या हिशोबाचा. सगळ्या गावांचे कागद शेजारी ठेवू, मंडळामंडळातला फरक बघू, आणि मग निवेदन घेऊन कुणाकडे जायचे ते ठरवू.